बेसच्या काउंटरवरचा मामा

मामाच्या काउंटरवर येणाऱ्या गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "बेस दणदणीत पाहिजे." त्यावर मामा विचारतो, "कुठे ऐकणार? चालताना, की एका जागी बसून?" किमतीचा विषय तो नंतर काढतो. गिऱ्हाइकाला चष्मा असेल तर आधी चष्म्याची काडी बघतो. हेडफोनची गादी आणि कान यांच्यात काडीएवढी जरी फट राहिली, तरी बेस तिथून पळून जातो. "तुमचा जुना हेडफोन चांगला आहे, काडी तेवढी बारीक करून घ्या," असं सांगून त्याने कितीतरी लोकांना हात हलवत परत पाठवलंय. मालकाला हे माहीत नाही.

दुकान तीन मजली आहे आणि मामा तळघरात उभा असतो. समोर टीव्हींची रांग, डोक्यावर एसीचं घरघरणारं तोंड, बाजूला जिना. पार्टिशनच्या मागे माझं दुरुस्तीचं टेबल. सगळं दुकान त्याला मामा म्हणतं, पण खरा मामा तो फक्त माझा. आईचा धाकटा भाऊ. त्यामुळे दुकानात त्याला 'अरे मामा' म्हणणारी मी एकटीच.

एकोणीस वर्षं तो या काउंटरवर उभा आहे. उभा म्हणजे खरोखरच उभा. मालकाचं म्हणणं असं की बसलेला माणूस झोपलेला दिसतो. घरी आला की तो कुणाशी बोलत नाही. मामीने टीव्ही लावला तर हात वर करून म्हणतो, "थांब गं जरा, दिवसभर लोकांच्या कानात ढोल वाजवून आलोय."

त्याची निवडायची एक पद्धत होती, ती कुठल्याही पुस्तकात नाही. तो हेडफोन आधी स्वतःच्या कानावर लावायचा आणि एक वाद्यांचं रेकॉर्डिंग ऐकायचा, जास्तीत जास्त अर्धा मिनिट. मग गिऱ्हाइकाला द्यायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, "अजून थोडा बेस हवा होता." मामा म्हणायचा, "दुकानात थोडा कमीच वाटला पाहिजे. घरी जा, रात्री खिडकी लावून ऐका, मग मला शिव्या द्या." मी इलेक्ट्रॉनिक्स शिकले तेव्हा मला त्याच्या या वाक्यामागचं कारण कळलं. एसी आणि टीव्ही यांची खालच्या पट्टीतली घरघर बेसला गिळून टाकते. त्यामुळे दुकानात बरोबर वाटलेला हेडफोन घरी जड होतो. हे मामाला कुणी शिकवलेलं नव्हतं. त्याचा कान तेवढं वजा करूनच सांगायचा.

या वर्षी हेडफोन परत यायला लागले.

पूर्वी महिन्याला एखादा यायचा. आता सहा आठवड्यांत नऊ आले. त्यातला एक आमच्या शिंपीकाकांचा होता. दिवसभर मशीन चालवताना ते गाणी ऐकतात आणि मामाचं जुनं गिऱ्हाईक आहेत. त्यांनी हेडफोन काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "मामा, बाई कुठे गेली?"

"कोण बाई?"

"गाणारी! मागच्या हेडफोनात होती. यात आतून ढोल, बाहेरून ढोल, बाई गायब. मी काय ढोलाची वरात काढायला घेतला होता का हा?"

मामा हसला नाही. "कंपनीची ही खेपच खराब आली असणार," तो म्हणाला आणि हेडफोन माझ्या टेबलावर आणून ठेवला. "बघ गं, यातही तेच असेल."

माझ्याकडे एक कृत्रिम कान आहे. रबराचा, आत छोटा माइक बसवलेला. त्यावर हेडफोन लावला की खालपासून वरपर्यंत कुठला आवाज किती येतो त्याचा आलेख निघतो. मी नऊच्या नऊ तपासले. एकातही दोष नव्हता. गेल्या वर्षीचे आलेख त्यांच्यावर ठेवून पाहिले, रेघ रेघेवर बसत होती.

मग मी खोकी बघितली. नऊपैकी नऊ एकाच मॉडेलचे होते, आमच्याकडचा सगळ्यात जड बेस त्याचाच. त्या मॉडेलला मामा 'पिंप' म्हणायचा. "पिंपात तोंड घालून गाणं ऐकायचं असेल तर घ्या," असं गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायचा. आता तोच माणूस ते मॉडेल एकामागोमाग एक विकत होता.

दुपारी गर्दी ओसरल्यावर मी त्याला विचारलं, "मामा, तू पिंप का देतोस लोकांना?"

"सुधारलंय ते आता. पूर्वी फार घुमायचं. आता मोकळं वाजतं."

"कंपनीने त्यात काहीही बदललेलं नाही. मी मोजलंय."

"तुझं मशीन मोजतं. मी ऐकतो."

मी गप्प बसले नाही, ही माझी चूक. म्हणाले, "पिंप होतं तिथेच आहे. तुझा कान सरकलाय."

तो काउंटरकडे वळला. मग फडकं घेऊन काच पुसायला लागला. काच स्वच्छच होती. "चार बुकं शिकलीस म्हणून मामाचे कान तपासायला निघालीस? जा, काम कर."

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेले. मामी भाजी निवडत होती. मी विषय काढला तर तिने मान वर न करताच सांगितलं, "मला विचारलं असतंस तर तीन महिन्यांपूर्वीच सांगितलं असतं. फोन उजव्या कानालाच लावतात. डावीकडून बोललं की नुसतं हं हं. मी एकदा मुद्दाम म्हणाले, अहो, घर विकून टाकू या. तर हं म्हणाले."

मामा आरामखुर्चीत डोळे मिटून पडला होता. तसाच म्हणाला, "कान भरल्यासारखा होतो दिवसाच्या शेवटी. दमल्यावर होणारच. पाय नाही का सुजत?"

"पाय सुजले तर पायाला कमी ऐकू येत नाही," मामी म्हणाली.

त्या आठवड्यात मी त्याला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. काचेची छोटी खोली होती. आत बसायचं, आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. मी बाहेरून पडद्यावर बघत होते. उंच शिटीसारख्या आवाजांना मामा झटपट बटण दाबत होता. डाव्या कानाला खालचे आवाज सुरू झाले आणि त्याचा अंगठा थांबला. अंगठा बटणावरच होता. चेहऱ्यावर असा भाव, की कुणीतरी येणार आहे आणि आपण दार उघडायला उभे आहोत.

डॉक्टर म्हणाल्या, कानाच्या आतल्या भागात पाणी साठतं, त्यामुळे खालचे आवाज आधी जातात. कधी कमी, कधी जास्त. मीठ कमी करा, गोळ्या घ्या, चक्कर आली तर लगेच सांगा. पूर्ववत होईल का, या प्रश्नावर त्या म्हणाल्या, "बघू या."

बाहेर आल्यावर मामाने एवढंच विचारलं, "म्हणजे लोकांना जास्त वाटतं ते मला बरोबर वाटतं?"

"हो."

"आणि मी ते त्यांच्या डोक्यावर ठेवतो." जिना उतरताना त्याने कठडा धरला. "मालकाला सांगू नकोस."

मालकाला कानाचं कळलं नव्हतं, तरी तो स्वतःच खाली आला. परत आलेल्या हेडफोनांचा ढीग त्याने पाहिला होता. म्हणाला, "मामा, उद्या व्यायामवर्गाच्या बाई येतायत. त्यांच्या हॉलच्या खालच्या मजल्यावरच्यांनी स्पीकर बंद करायला लावलाय, म्हणून वर्गासाठी वीस बिनतारी हेडफोन हवेत. मोठं काम आहे. हे जर परत आले तर काउंटर मी दुसऱ्या कुणाला देईन, तुम्ही गोदामात जा. खोक्यांना बेस लागत नाही."

मामा मान खाली घालून हो म्हणाला. चोपन्नाव्या वर्षी गोदामात खोकी उचलायची, हे एक. पण त्याहून वाईट म्हणजे त्याला दुसरं काही येत नव्हतं आणि जे येत होतं ते आता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. उंच, चटपटीत, सोबत वर्गातल्या दोघी. "मामा, मला ठोका छातीत बसला पाहिजे. उडी मारायची इच्छा झाली पाहिजे माणसाला."

मामाने सवयीने पिंप उचललं, कानाला लावलं, रेकॉर्डिंग सुरू केलं. मी पार्टिशनच्या फटीतून बघत होते. त्याचा चेहरा सैल झाला. त्याला ते आवडलं होतं, हे मला तिथूनही दिसत होतं. त्याने ते काढून बाईंपुढे धरलं आणि हात मधेच थांबवला.

"ताई, एक सांगतो. माझ्या डाव्या कानाला बेस नीट ऐकू येत नाही. आत्ता मला हे फार छान वाटलं, म्हणजे तुम्हाला ते जड होणार. मी म्हणतो म्हणून घेऊ नका."

बाई एकदम हसल्या, मग त्यांच्या लक्षात आलं की ही थट्टा नाही. "मग तुम्ही इथे काय करताय?"

"तेच कळत नाहीये," मामा म्हणाला. "पण काय विचारायचं ते मला माहीत आहे. ऐका तुम्ही, विचारतो मी. आणि इथे नको. तुमच्या हॉलमध्ये, उड्या मारताना."

दुसऱ्या दिवशी पाच वेगवेगळे हेडफोन पिशवीत घालून आम्ही त्यांच्या हॉलवर गेलो. लाकडी जमीन, एका भिंतीला आरसे, पाच बायका रांगेत. मामाने प्रत्येकीच्या डोक्यावर वेगळा हेडफोन चढवला आणि संगीत सुरू करायला सांगितलं. बाई माइकवर हळू आवाजात सूचना देत होत्या, त्या थेट हेडफोनात जात होत्या. हॉलमध्ये पावलांचा धप्पधप्प आवाज आणि धापा, एवढंच. मध्ये बाई म्हणाल्या, "उजवीकडे!" चौघी उजवीकडे गेल्या. पिंपवाली डावीकडे गेली आणि शेजारणीवर आदळली.

"अगं आई गं! कान कुठे गेले तुझे?" शेजारीण ओरडली.

"ऐकू तर आलं पाहिजे! आत नुसता भूकंप चाललाय!"

मामाने पिंप काढून पिशवीत टाकलं. उरलेल्या चौघींना तो एकेक विचारत गेला. बाईंचा शब्द तुटतो का? ठोका संपतो की मागे रेंगाळतो? वाकल्यावर गादी कानावरून सुटते का, घामाने घसरते का? मग हेडफोन अदलाबदल करून पुन्हा पहिल्यापासून. स्वतःच्या कानाला त्याने एकही लावला नाही. अडीच तास लागले. शेवटी तो भिंतीला टेकून जमिनीवरच बसला. बायकांनी निवडलेलं मॉडेल मधलं होतं, त्याला स्वतःला ते फुसकं वाटलं असतं.

बाईंनी मालकाला फोन करून मामाचं कौतुक केलं. "कान अधू असूनही इतक्या मनापासून!" असं म्हणाल्या. झालं. मालक दोन पायऱ्या एकदम उतरत खाली आला.

"गिऱ्हाइकाला सांगितलंत, मला नाही?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर?"

"गोदामात पाठवलं असतं."

"म्हणून," मामा म्हणाला.

मालकाने परत आलेल्या खोक्यांच्या ढिगाकडे एकदा पाहिलं. "महिनाभर बघतो," म्हणाला आणि वर गेला.

त्या महिन्यात जिन्यावर खोकं घेऊन कुणी उतरलं की मामा आधी खोक्याचा रंग बघायचा, त्याच मॉडेलचं तर नाही ना म्हणून. तिसऱ्या आठवड्यात वीसपैकी एक आलाच. व्यायामवर्गातली एक मुलगी म्हणाली, "सॉरी, मी यावर बसले." बिजागरी मोडली होती. मी दहा मिनिटांत जोडून दिली, तोवर मामा काउंटरला दोन्ही हात टेकून उभा होता.

महिना संपल्यावर मालकाने मला आणि मामाला वर बोलावलं. "यापुढे नवा माल ही मुलगी मोजेल. तुम्ही स्वतः ऐकून कुणाला काही द्यायचं नाही. विचारा, ऐकू द्या, विका. एका माणसाला वीस मिनिटं लागतायत हल्ली तुम्हाला, ते बघा जरा." गोदामाचं नाव त्याने काढलं नाही.

संध्याकाळी मीच मामाला घरी सोडलं. मामीने दार उघडलं आणि त्याच्या उजव्या बाजूला येऊन विचारलं, "काय झालं?"

"ठेवलं."

"काउंटरवर?"

"हं."

"मग तोंड असं का पाडलंय?"

मामा खुर्चीत बसला. बुटाची नाडी सोडायला वाकला आणि तसाच वाकलेला राहिला.

"उद्या परत उभं राहायचंय ना," तो म्हणाला.