जरा सराव हवा

१४ जून २०२४ रोजी कोलकात्यातल्या मराठी मंडळाच्या खात्यातून आठ हजार सातशे नव्वद रुपये गेले आणि कालिंदीताईंसाठी पुस्तकं वाचायचं यंत्र, म्हणजे ई-रीडर, घेतलं गेलं. खरेदी गुरुदत्त सबनिसांनी केली. सॉल्ट लेकमधल्या एका सरकारी कंपनीच्या खरेदी विभागात त्यांची बत्तीस वर्षं गेली होती. निवृत्तीला अकरा महिने उरले होते आणि इतक्या वर्षांत त्यांच्या एकाही फाइलवर लेखापरीक्षकाचा शेरा पडला नव्हता. ही गोष्ट ते मुद्दाम कुणाला सांगत नसत, पण बोलणं दहा मिनिटं चाललं की ती आपसूक निघे.

कालिंदीताई एकोणऐंशीच्या. यजमान रेल्वेत होते. ते गेल्यावर, मुलगा शंतनु नागपूरला असूनही, ताई सियालदहजवळच्या घरी एकट्याच राहिल्या. मराठी मंडळाचं पुस्तकांचं कपाट त्यांनी एकतीस वर्षं सांभाळलं. कोलकात्यात मराठी पुस्तक यायचं ते पुण्याहून येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून, चकलीच्या डब्याला टेकून. गेल्या वर्षापासून ताईंच्या डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केली. छापील अक्षर दिसेना. यंत्रावर अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, आणि पुण्यातलं एक वाचनालय सभासदांना पंधरा दिवसांसाठी ई-पुस्तकं देतं. मुदत संपली की पुस्तक आपोआप निघून जातं.

मंडळाने पुस्तकं विकत घेऊन द्यायचीही तयारी दाखवली होती. ताई म्हणाल्या, "नको. परत द्यायचं असतं म्हणून तर मी पुस्तक संपवते. मालकीची सगळी अर्धवट पडली आहेत."

म्हणजे अट एकच होती. वाचनालयाचं पुस्तक त्या यंत्रावर उघडलं पाहिजे.

सबनिसांनी तीन दुकानांची दरपत्रकं मागवली. सात रकान्यांचा तक्ता केला: किंमत, पडदा, वजन, बॅटरी, साठवण, हमी, पोहोचवायची मुदत. सर्वांत कमी दराखाली लाल रेघ मारली आणि तक्ता बैठकीत ठेवला. सेक्टर फाइव्हमधल्या आयटी कंपनीत नोकरी करणारी नूपुर म्हणाली, "काका, वाचनालयाचं एखादं पुस्तक आधी दुकानातच उघडून बघू या का?"

"नूपुर, आंबा चाखून घेतात. यंत्र नाही," सबनीस म्हणाले.

सगळे हसले. नूपुरही हसली, जरा उशिरा.

यंत्र ताईंच्या हाती गेलं आणि चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. "गुरुदत्त, पुस्तक येतं रे, पण उघडत नाही. नुसतं कुलूप दिसतं."

शनिवारी, बावीस तारखेला, सबनीस मेट्रोने सियालदहला गेले. ताईंनी चहा टाकला. सबनिसांनी यंत्राबरोबरची पुस्तिका उघडली आणि ताई साखर ढवळत असतानाच त्यांना काय ते कळलं. विकत घेतलेली पुस्तकं या यंत्रावर उघडत होती. उसन्या पुस्तकाला मात्र कुलूप असतं, ते वाचनालयाच्या ॲपशिवाय निघत नाही आणि ते ॲप या यंत्रावर बसतच नाही. पुस्तिकेत हे अकराव्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं. दुकानदाराने काही लपवलं नव्हतं. त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

"माझंच काही चुकतंय ना?" ताईंनी कप पुढे करत विचारलं.

तेव्हा खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. सबनिसांच्या डोळ्यांसमोर तो तक्ता आला, बैठकीतलं हसू आलं.

"जरा सराव हवा, ताई," ते म्हणाले. "सवयीने येईल."

मग चहा पिऊन ते घरी आले.

पुढच्या आठवड्यात दुकानात चौकशी केली. खोललेलं यंत्र दुकानदार परत घेत नव्हता. दुसरं स्वतःच्या पैशाने आणून गुपचूप बदलावं, असंही मनात आलं. पण मग ताईंना काय सांगायचं? रोज कचेरीतून निघताना ते ठरवत, आज फोन करायचा. रोज घरी पोचेपर्यंत काहीतरी निघे. ताईंचा फोन आला की ते आवाज मोठा करून "जमतंय का?" विचारत, आणि ताई ओशाळून म्हणत, "नाही रे अजून."

१३ जुलैला ताईंनीच त्यांना बोलावून घेतलं. टेबलावर यंत्र त्याच्या खोक्यात बांधून ठेवलं होतं. शेजारी मिठाईच्या दुकानाचं जुनं कॅलेंडर पालथं पडलं होतं. त्याच्या कोऱ्या पाठीवर जाड मार्करने क्रमवार लिहिलं होतं: बटण दाबणे, यादी, पुस्तक, दोनदा दाबणे. खाली बारीक रेघोट्या, पाच-पाचच्या जुड्या. एकेका प्रयत्नाची एकेक रेघ. सबनिसांनी सवयीने मोजल्या. एकशे पंधरा.

"हे घेऊन जा. कुणा शहाण्याला दे," ताई म्हणाल्या. "आणि कपाटाची किल्लीही ने. मी शंतनुला सांगितलं, साधी चार बटणं माझ्या डोक्यात राहत नाहीत. त्याने नागपुरात डॉक्टरची वेळ घेतली आहे. विसरण्याच्या आजाराचा डॉक्टर. इथलं घरही बंद करायचं म्हणतोय. एकटीला ठेवणं बरं नाही, म्हणे."

सबनिसांची मान वर होईना.

"ताई, तुमचं काही चुकलेलं नाही. हे यंत्र उसनं पुस्तक उघडूच शकत नाही. मी चुकीचं आणलं."

"कधी कळलं तुला?"

"त्याच दिवशी. मागे आलो होतो तेव्हा. इथेच, या खुर्चीत."

ताईंनी कॅलेंडर उचललं, डोळ्यांजवळ नेलं आणि रेघांवरून बोट फिरवलं.

"म्हणजे माझं डोकं ठीक आहे."

"हो."

"मी रात्री उठून नातवंडांची नावं म्हणून बघत होते रे," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुझी फाइल कोरी राहावी म्हणून?"

सबनिसांनी यंत्राचं खोकं आपल्याकडे ओढून घेतलं.

"शंतनुला फोन लाव. आत्ता. आणि मला सांगितलंस तेच त्याला सांग. माझं तो ऐकणार नाही. म्हातारी सारवासारव करते म्हणेल."

त्यांनी फोन लावला. ताईंनी स्पीकर सुरू करायला लावला. आपल्याहून लहान माणसाला, त्याच्या आईसमोर, सबनिसांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. पलीकडे शंतनुने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काका, मी आईचं तिकीटसुद्धा काढलं होतं." एवढंच. रागावला असता तर सोपं गेलं असतं. ते तिकीट त्याने त्याच संध्याकाळी रद्द केलं.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या बैठकीत सबनिसांनी हेच उभं राहून सांगितलं आणि आठ हजार सातशे नव्वदचा चेक खजिनदारांपुढे ठेवला. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं, असं त्यांना वाटलं.

नवं यंत्र नूपुरने निवडलं. चांदनी बाजारातल्या दुकानात तिने तक्ता नेला नाही. ताईंच्या नावावरचं एक पुस्तक चार यंत्रांवर उघडून पाहिलं, तिसऱ्यावर उघडलं. वीस मिनिटांचं काम. सबनीस मागे पिशवी धरून उभे होते. ताईंनी कपाटाची किल्ली आपल्याकडेच ठेवली. सबनिसांशी त्या बोलतात, पण यंत्राचं काही अडलं तर फोन नूपुरला करतात.

नव्या यंत्राचे तेरा हजार दोनशे नव्व्याण्णव रुपये नूपुरने आपल्या कार्डावर भरले होते. सबनिसांनी तिला तेरा हजार रोख दिले. दोनशे नव्व्याण्णव अजून द्यायचे आहेत; रोज ठरवतात, रोज काहीतरी निघतं.