टोपवालीची गाठ

सेनापतीच्या हातचा मार मी रंगमंचावर अनेक वर्षं खाल्ला आहे, त्यामुळे तो घरी कसा लागत असेल याचा मला अंदाज होता. आमच्या नाटक कंपनीचा तो खलनायक. एका नाटकात सेनापती झाला आणि ते नाव त्याला जन्माचं चिकटलं. आवाज असा की शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या पोटात गोळा यावा. त्याची बायको आमची टोपवाली. नाटकातले केसांचे टोप ती करायची. मांडीवर जाळी ताणून बारीक आकड्याने एकेक केस ओवायची आणि गाठ मारायची. तिच्या हातचा टोप चढवला की आरशातली बाई मलाच ओळखू यायची नाही.

दुसऱ्या अंकात सेनापती मला केसांना धरून फरफटत न्यायचा. अशा प्रसंगात धरणाऱ्याने नुसतं धरायचं असतं, फरफटत आपलं आपणच जायचं असतं. त्याला हे कधी पटलं नाही. तो खरंच ओढायचा. म्हणून टोपवाली आधी माझ्या केसांच्या बारीक वेण्या घालायची आणि टोपाची पट्टी त्या वेण्यांना सुईदोऱ्याने शिवून टाकायची. मी कळवळले की म्हणायची, "सोसा बाई. तुमचं डोकं दुखेल, पण माझं फुटायचं वाचेल."

ती थट्टा नव्हती. एकदा मी तापाने विंगेत बसून राहिले आणि माझ्या जागी नवी मुलगी उभी राहिली. तिला शिवणं सोसेना, तिने चिमट्यांवर भागवलं. सेनापतीने ओढलं आणि टोप त्याच्या हातात आला. अख्खं थिएटर हसलं. रडण्याच्या जागी प्रेक्षक हसले की नट उभ्या उभ्या मेला. त्याने अंक कसाबसा रेटला, रंगपटात आला, बायकोचा उजवा हात मेकअपच्या टेबलाच्या खणात दाबला आणि खण लाथेने बंद केला. आम्ही त्याला खेचेपर्यंत तिची दोन बोटं कामातून गेली होती. पुढे ती डाव्या हाताने गाठी मारायला शिकली.

कंपनी बुडाली तसा तो घर सोडून निघून गेला. सुटली बिचारी, असं आम्ही सगळे म्हणालो. पण तो मनात येईल तेव्हा उगवायचा. ती कुलूप लावून कामाला गेलेली असायची आणि घरमालक त्याला आपल्या खुंटीवरची दुसरी किल्ली काढून द्यायचा. नवरा आहे, त्याला दाराबाहेर कसं उभं करू, हे त्याचं ठरलेलं उत्तर. ती परतायची तर आत सेनापती बसलेला. हातातली पिशवी खाली ठेवायचीही फुरसत तो देत नसे, सरळ केसांना धरायचा. एकदा त्याने तिचे केस मुठीने उपटले, डोकं भिंतीच्या कोपऱ्यावर आपटलं. टाळूवरचा तळहाताएवढा भाग कायमचा उजाड झाला. मग स्वारी पुन्हा गायब, खोलीत मोडकी भांडी आणि रक्त.

शेवटी तिने एक वकीलबाई गाठली. तिला एकच गोष्ट हवी होती: आपल्या दाराची किल्ली त्या माणसाला यापुढे कोणी देता कामा नये.

पण घटस्फोट मागायचा तर समोरचा सापडायला हवा. शेवटच्या पत्त्यावर धाडलेलं टपाल परत आलं. कोर्टाचा बेलीफ हात हलवत परतला. सेनापतीच्या भावाने सांगितलं की आमच्या लेखी तो कधीचाच मेलाय, वहिनी आता मेलेल्याशी काडीमोड घेतायत. तेव्हा कोर्टाने वर्तमानपत्रात जाहीर नोटीस छापायला परवानगी दिली. वकीलबाईंनी समजावलं की तो हजर झाला नाही तर निकाल एकतर्फी मिळेल. मात्र मला काही कळलंच नव्हतं म्हणत तो नंतर उगवला, तर प्रकरण पुन्हा उघडूही शकेल.

टोपवालीने थोडा विचार केला आणि नोटिशीत त्याच्या नावापुढे 'ऊर्फ सेनापती' छापायला सांगितलं. त्याला सगळे त्याच नावाने ओळखत, आणि आपलं नाव छापून आलंय हे नटापासून लपत नाही. तो ते रद्दीतूनही हुडकून काढतो.

"मग तो येईल हो," वकीलबाई म्हणाल्या.

"येऊ दे. सुटेल अशी गाठ मला नको."

तारखेला मी तिच्यासोबत गेले. ती टोप घालून आली होती. कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसलो होतो, तोच तो जिन्यावरून आला. केस काळेभोर रंगवलेले, खिशात नोटिशीचं कात्रण, जसं काही आमंत्रणच आलंय. आधी गर्दी किती आहे ते पाहिलं आणि मग आवाज लावला, "कोण म्हणतं मी बेपत्ता आहे?"

दोन ढांगांत येऊन त्याने तिच्या केसांना हात घातला आणि ताकदीने ओढलं. टोप हातात आला आणि तो स्वतःच्याच जोराने मागच्या लोखंडी कपाटावर आदळला. व्हरांडा हसला. अगदी तेच हसू, मी डोळे मिटूनही ओळखलं असतं. मग लोकांना तिचं उघडं डोकं दिसलं, त्यावरचे व्रण दिसले, आणि हसू जागच्या जागी थांबलं.

त्याला मात्र फक्त हसू ऐकू आलं होतं. तो तिच्यावर तुटून पडला. तिचा ओठ फाटला, एक दात फरशीवर पडला. मी माझी छत्री त्याच्या नडगीवर मोडली. तालीम न करता केलेला माझा तो एकमेव प्रवेश. दोन पोलिसांनी त्याला पालथा पाडून हात पिरगाळले, तेव्हा वकीलबाईंनी अर्जाची प्रत त्याच्या मुठीत कोंबली. आरडाओरडा ऐकून न्यायाधीशबाई दारात आल्या होत्या. टोपवालीने टोप उचलला, झटकला आणि त्यांच्यासमोर धरला.

"हे माझेच केस आहेत. यांनी उपटलेले. आमच्या धंद्यात केस फेकत नाहीत."

कोर्टाची चाकं पुढेही सावकाशच फिरली, पण आता 'मला ठाऊक नव्हतं' म्हणायला त्याला तोंड उरलं नव्हतं. निकाल हाती आला तशी ती थेट घरमालकाकडे गेली. तो कागद वाचत असतानाच तिने खुंटीवरची आपली किल्ली काढून घेतली.

जिना उतरताना मी तिला विचारलं, एवढ्या गाठी मारणारी तू, त्या दिवशी टोपाला चिमटे तरी किती लावले होतेस?

"एकही नाही बाई," ती म्हणाली. "नुसता ठेवला होता."