सांगलीचा फोन कुणी कापला

माझी बायको म्हणायची, सांगलीकरांनी फोन कापला. सांगलीच्या विहीणबाई म्हणायच्या, सातारकरांनी कापला. विहीणबाई म्हणजे माझ्या नातीच्या नवऱ्याची आजी. मूळच्या आष्ट्याच्या, तोंडानं फटकळ. हा वाद नातीच्या लग्नाआधी सुरू झाला, लग्नात ताटावर बसला आणि पुढं प्रत्येक सणाला दोन्ही घरांत पाहुण्यासारखा येत राहिला. खरं काय ते फक्त मला ठाऊक होतं. फोन मी कापला होता.

मुलगा घरूनच कंपनीचं काम करतो. त्यानं इंटरनेटच्या तारेवर एक छोटी डबी बसवली. तिला फायरवॉल म्हणतात. बाहेरून येणाऱ्याला दारातच अडवून चौकशी करणारा राखणदार, असं त्यानं मला समजावलं. या राखणदाराला अधूनमधून नवं शिकवावं लागतं, त्याला अपडेट म्हणायचं. ते आपोआप होऊ द्यायचं की आधी विचारून, एवढाच प्रश्न होता. मुलगा म्हणाला, आपोआप ठेवू, चोर काही आपल्या परवानगीसाठी थांबत नाहीत. मी पाटबंधारे खात्यात जन्म काढलेला. कचेरीला कळवल्याशिवाय कालव्याचं दार वर गेलेलं मी कधी पाहिलं नाही. मी अडून बसलो. शेवटी त्यानं ती विचारणा माझ्याच मोबाईलवर येईल असं करून दिलं.

आणि मला त्याची चटक लागली. निवृत्त माणसाला घरात कोणी काही विचारत नाही. भाजी कसली आहे तेसुद्धा ताटात पडल्यावर कळतं. ही डबी मात्र अदबीनं विचारायची, आत्ता करू की नंतर? मी दरवेळी ‘नंतर’वर बोट ठेवायचो. साहेबानं फाईल दाबून ठेवावी तसं बरं वाटायचं.

नातीनं आणि सांगलीच्या मुलानं एकमेकांना पसंत केलंच होतं. वडीलधाऱ्यांची बोलणी तेवढी राहिली होती. विहीणबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून पहिली भेट टीव्हीच्या पडद्यावर ठरली. पाहुणे पडद्यावर येणार, तरी बायकोनं दारात रांगोळी काढली. सोफ्याला नवे अभ्रे चढले. पोहेसुद्धा झाले. ते खाणार कोण, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. मी बशी उचलली.

सगळे काही ना काही करत होते, मलाही काहीतरी करावंसं वाटलं. तेवढ्यात मोबाईल थरथरला. डबी विचारत होती, करू का? मला वाटलं, पाहुणे येणार ते याच दारातून, आणि आपला राखणदार जुन्या मळक्या कपड्यांत उभा. मी पहिल्यांदाच ‘आत्ता’ दाबलं. खाली बारीक अक्षरांत आणखी काहीतरी होतं. चष्मा देवघरात राहिला होता.

पाहुणे दिसले. हवापाण्याचं झालं, गुडघ्याचं झालं. मग विहीणबाई पुढं सरकल्या आणि म्हणाल्या, “आवं, लग्नानंतर पोरगी नोकरी सोडनार हाय काय?”

नातीनं उत्तराला तोंड उघडलं आणि पडदा काळा झाला.

बायको सोफ्यावरून उठली. “उत्तरसुद्धा ऐकून घेतलं नाही,” म्हणाली. मुलगा टीव्हीमागं वाकून तारा हलवत बसला. तो उठेपर्यंत डबी नवे कपडे घालून कामाला लागली होती, नेट झकास चालू. त्यानं जाहीर केलं, आपल्याकडं काही बिघाड नाही. म्हणजे त्यांनीच कापला. माझ्या हातातला मोबाईल सांगत होता, नेट थोडा वेळ बंद ठेवून अपडेट पूर्ण झाला. मी तो मांडीवर पालथा घातला आणि पोहे खात राहिलो.

तिकडं सांगलीतही हाच निकाल लागला होता. आता आधी फोन कुणी करायचा? आमची म्हणाली, मुलाकडच्यांनी. त्या म्हणाल्या, मुलीकडच्यांनी. नात खोलीत रडत होती आणि मी गप्प होतो. मुलाशी इतका वाद घालून मिळवलेला मान जाईल, एवढंच माझं कारण. शेवटी नवरा मुलगाच मोटारसायकलवर साताऱ्याला आला, नोकरीचं कोणी काही म्हणणार नाही असं सांगून गेला आणि लग्न झालं. वाद तेवढा राहिला.

यंदा नातीकडं गोड बातमी आली. डोहाळजेवण सांगलीला ठरलं. बायकोनं सांगून टाकलं, आधी त्यांनी कबूल करावं, तोवर मी त्या घरात पाऊल ठेवणार नाही. नातीचा फोन आला. आजी आली नाही तर मी ओटी भरूनच घेणार नाही, म्हणाली. बायकोनं फोन ठेवला आणि मेथी निवडायला बसली. निवडलेली जुडी ती पुन्हा निवडत होती.

मी म्हणालो, “फोन मी कापला होता.”

तिनं सगळं ऐकून घेतलं. डबी, विचारणा, चष्मा, पोहे. मग हात पुसले, सांगलीला फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

“विहीणबाई, चोर सापडला. घरातच होता.”

पलीकडून लगेच आवाज आला, “कोन? त्ये पोहे खात बसल्यालं व्हय?”

पुढचा बराच वेळ दोघी नुसत्या हसत होत्या. बायको हसून हसून मेथीवर कलंडली. हसू ओसरल्यावर विहीणबाई म्हणाल्या, “पावनं, माझं म्हननं अर्धंच ऐकलं तुमी. सोडनार हाय काय, आनि सोडत आसंल तर सोडू नगं म्हनावं, आसं म्हननार हुते मी.”

मी विचारलं, मग हे आजवर सांगितलं का नाही? “फोन कापनाऱ्या मान्सास्नी कशाला सांगू?” त्या म्हणाल्या.

मुलानं त्याच दिवशी डबी आपोआपवर टाकली. अपडेट पहाटे होतो आणि झाल्यावर मला कळवलं जातं. जेवणाच्या भाजीसारखंच.

सांगलीत नातजावई पाण्याचा पेला पुढं करून विचारायचा, “आबा, आत्ता की नंतर?” आणि अख्खं घर हसत सुटायचं. नात हसली नाही. जवळ येऊन हळूच म्हणाली, त्या दिवसांत मी किती रडले होते, आबा. मी तिचा हात धरून बसलो. तिनं तो सोडवून घेतला नाही.

ओटी दोघी आज्यांनी मिळून भरली. बायको दोन दिवसांसाठी गेली होती, ती अजून तिकडंच आहे. रोज संध्याकाळी दोघी शेजारीशेजारी पडद्यावर येतात आणि माझ्या जेवणावरून, चष्म्यावरून मला झोडपतात. बोलून दमल्या तरी फोन चालूच असतो. त्या ठेवतील तेव्हा ठेवतील. आधी ठेवायची माझी हिंमत नाही.