धुराखालचं बी

घोटाळे करण्यात माझा हात धरणारा पेण-रोहे पट्ट्यात दुसरा कोणी नसावा. बिनधुराच्या चुली विकायच्या धंद्यात पडलो आणि रोह्यातल्या पहिल्याच प्रात्यक्षिकात चुलीचा छोटा पंखा उलटा बसवला. जमलेल्या बचत गटातल्या सगळ्या बायकांच्या तोंडावर राख उडाली. पदराने तोंड पुसत एक जण म्हणाली, "साहेब, धूर नाय म्हनलात. राखेचं कुटं बोललात?" तरी त्या दिवशी चार चुली खपल्या. बहुधा माझी दया येऊन.

आमची कंपनी म्हणजे पेणमधला एक गाळा आणि आम्ही तिघे. कल्पना अशी, की गावातल्या बाईला नुसतं गिऱ्हाईक करायचं नाही, धंद्यात भागीदार करायचं. चूल तिनेच वापरायची, तिनेच विकायची, कमिशन तिचं. ही कल्पना मला तेव्हा पटली होती आणि आजही पटते. दुखणं तिथेच आहे.

कासूच्या पलीकडे, खाडीकाठच्या एका गावातली मावशी ही आमची पहिली भागीदार. नवरा गेलेला, मुली लग्न होऊन गेलेल्या, आणि बांधाच्या आत थोडी खारजमीन. तिचा खोकला असा, की तिच्या घरी भात शिजतोय हे रस्त्यावरूनच कळायचं.

आमचा एक नियम होता. नवी चूल द्यायच्या आधी जुनी मातीची चूल फोडायची. नाहीतर बायका दोन्ही पेटवतात आणि धूर होता तिथेच राहतो. नियम माझ्याच डोक्यातून निघालेला, त्यामुळे मला त्याचा फार अभिमान. दिवाळीनंतर, कापणी-झोडणी आटपल्यावर, मी पहार घेऊन मावशीच्या दारात हजर झालो. तिने जुन्या चुलीला हळदकुंकू वाहिलं, पण तिथून हलेना. वर आढ्याला पेंढ्यात घट्ट बांधलेल्या दोन मुड्या टांगल्या होत्या, धुराने काळवंडू लागलेल्या.

"दादा, वर बी हाय," ती म्हणाली. "धुराखालीच ठेवतो आमी."

"का? बियाण्याला पण खोकल्याची हौस आहे का, मावशी?"

जमलेल्या बायका खो-खो हसल्या. मावशीही हसली आणि हसताहसता खोकली. त्या हशातच मी पहार घातली. फुटलेल्या चुलीचा फोटोही काढला.

होळीपर्यंत तिचा खोकला जवळजवळ गेला. तिच्या अंगात नवाच जोर आला. माझ्या स्कूटरवर मागे बसून ती कासूपासून कुंडलिकेच्या खाडीकडच्या गावांपर्यंत हिंडली. कुणाच्याही चुलीपुढे फतकल मारायची आणि सांगायची, "मी सोता वापरते गो. ह्या साहेबाच्या बोलन्यावर जाव नको, माझ्या छातीला कान लावून बघ." बायका खरंच कान लावायच्या. आमचं ते सगळ्यात चांगलं वर्ष. प्रत्येक घरात जुनी चूल मी स्वतःच्या हाताने फोडली.

मग वैशाखातल्या अमावास्येच्या उधाणाला बांधाला खांड पडली. खारं पाणी शेतात शिरलं आणि दोन दिवस तिथेच उभं राहिलं. मी धावत गेलो, तर मावशी शांत. गावातल्या इतरांचं दुकानचं बियाणं होतं, ते खाऱ्या जमिनीत टिकणार नव्हतं. तिच्याकडे सासूपासून जपलेला लाल भात होता. बांध फुटल्यावरही तग धरतो तो तेवढाच. मी विचारलं नव्हतं म्हणून हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. "राब भाजून ठेवलाय," घरामागच्या उंचवट्यावर रोपांसाठी भाजलेल्या वाफ्याकडे बोट दाखवत ती म्हणाली. "आता बी टाकायचं फक्त."

तिने मुडी खाली घेतली आणि सुंभ सोडला. आतून बारीक पाखरं उडाली. भोक नाही असा एकही दाणा नव्हता. दुसरी मुडी सोडली. तीही तशीच. तिने टोपात पाणी घेऊन त्यात बी ओतलं. चांगलं बी तळाला बसतं, पोचट तरंगतं. टोपभर लाल टरफलं तरंगत राहिली. ती कोपरापर्यंत हात घालून तळ चाचपत होती.

"धूर नव्हता ना," ती म्हणाली. मला नाही, टोपाला.

"दोन दिवसांत बी आणून देतो, मावशी!" मी ओरडलोच. आश्वासन द्यायला मी नेहमीच पुढे.

निघालो. लाल भात ठेवणारी घरं कुठली, हे मला नीट माहीत होतं. जिथे धुराची चूल पेटायची, तिथेच ते बी असायचं, आणि अशा प्रत्येक घरी मी आधीच पोचलो होतो. प्रत्येक दारात चुलीवरचा आमचा स्टिकर मला बघून चमकायचा. बायका प्रेमाने चहा पुढे करायच्या आणि मग आढ्यावरची मुडी सोडून दाखवायच्या.

रोह्याच्या खाडीकडे एकच घर जुन्या चुलीचं उरलं होतं. तिथल्या म्हातारीने मला पूर्वी हाकलून दिलं होतं. मनात तिचे पाय धरतच आत गेलो.

"लाल भात? आमी कवाच सोडला," ती म्हणाली. "कासूकडची ती खोकनारी बाय ठेवते की. लागलाच तर तिच्याकडनं आनू."

मावशीची ती जमीन आज पडीक आहे, खाडीचं कांदळवन आत आलंय. मावशी सकाळच्या शिफ्टला धाटावला जाते, एका कंपनीच्या कँटीनमध्ये भांडी घासायला. तिने मला कधीही शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

पण आठवतात ते मधले दिवस. मी रिकाम्या हाताने परतलो, तेव्हा ती राबात ओणवी होती. टोपातलं ते तरंगणारं बीच तिने काळ्या मातीत फेकलं होतं. "टाकून बघते," ती म्हणाली. "बियाचं काय सांगावं."

पाऊस पडला. ती रोज सकाळी राबात जायची, आणि मीही काहीतरी काम काढून जायचो. हिरवं उगवून आलं. भात आणि गवत कोवळेपणी सारखंच दिसतं. ती वाकून एकेक पातं बोटांत धरून बघायची आणि न उपटता सोडून द्यायची.

"गवतच वाटतंय, मावशी," आठवड्याने मी म्हणालो.

"ऱ्हाऊ दे रं," ती म्हणाली. "अजून कळत नाय."

भातातलं मला ओ की ठो कळत नाही. पण तेव्हा मला कळलं होतं. ती मात्र पुढच्या पात्याकडे वळली.