लाखोळीच्या मॅडम

"कशासंग ताडून पाह्यलं?" असं विचारताना मॅडम चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि उत्तर येईपर्यंत समोरच्याकडे पाहत राहायच्या. डब्यातली भाजी छान झाली म्हटलं तरी हाच प्रश्न, यंदा ऊन जास्त आहे म्हटलं तरी हाच. एकदा मी म्हटलं, "मॅडम, तुमचे मिस्टर फार भले आहेत."

"कशासंग ताडून पाह्यलं, पोरी? मले तर दुसरा भेटलाच नाई."

तुम्हीही असे शिक्षक पाहिले असतील. सुरुवातीला त्यांची भीती वाटते आणि पुढे जन्मभर त्यांचाच आवाज कानात राहतो. सिंदेवाहीकडच्या आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. चंद्रपूरच्या प्रयोगशाळेत त्यांनी मला घेतलं तेव्हा मला पिपेटसुद्धा नीट धरता येत नव्हती.

मेंदूतल्या पेशी रसायनांच्या हाती एकमेकींना निरोप देतात. ती रसायनं हा मॅडमचा आयुष्यभराचा अभ्यास. आमच्याकडे धान निघालं की बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, लाखोळी टाकतात आणि तिची डाळ घरोघरी शिजते. या डाळीत एक विष असतं. ते निरोप्याचं सोंग घेऊन पेशींना नको तितकं डिवचतं. महिनोन्महिने फार खाल्ली तर माणसाच्या पायातली ताकद जाते. मॅडमच्या काकांची अशीच गेली होती.

त्यांचा सगळ्यात गाजलेला पेपर याच डाळीवर होता. काही उंदरांना लाखोळी घातलेलं खाणं दिलं, काहींना नुसत्या चण्याचं. दोघांच्या मेंदूत फरक दिसला नाही, म्हणजे थोडी लाखोळी चालते. देशोदेशीच्या संशोधकांनी त्या पेपरचा दाखला दिला. सायटेशन म्हणजे काय, ते मला त्यांनीच सांगितलं होतं. "आपलं बोलणं दुसऱ्यानं खरं धरून पुढं नेणं."

माझं काम त्याच प्रयोगाचा पुढचा भाग होता. चण्याचं पीठ नेहमी त्यांचे भाऊ मूल तालुक्यातल्या गावाहून दळून पाठवायचे. त्या वर्षी भाऊ आजारी होते, म्हणून आम्ही दोघी गेलो.

चक्कीवर कोणाची तरी लाखोळी दळणं चालू होतं. ती संपली. चक्कीवाल्यानं त्याच तोंडात आमचा चणा ओतला.

"भाऊ, आतलं झाडून नाई घेत काय?" मॅडमनी विचारलं.

"झाडून काय करता, बाई? बेसनच तं होय. खाणाऱ्याले समजते काय?"

"आमचं दळण नेहमी असंच दळते?"

"सगळ्याइचंच असंच दळते. तुमच्यासाठी वेगळी चक्की लावू काय?"

लोक हसले. मॅडम हसल्या नाहीत. परतीच्या बसमध्ये पिठाची थैली त्यांनी मांडीवर घट्ट धरली होती. भद्रावतीचं एक कुटुंब शेजारी बडबडत होतं. चंद्रपूर जवळ आलं तेव्हा मॅडम हळूच म्हणाल्या, "पोरी, आपण कशासंग ताडून पाह्यलं होतं?"

तेव्हा मला कळलं. चणा खाणारे उंदीरही लाखोळी खात होते. मग फरक कसा दिसणार?

जुन्या प्रयोगातलं थोडं पीठ फ्रीझरमध्ये जपलेलं होतं. मॅडमनी एका नळीत त्याचा अर्क घेतला. दुसरीत, खलबत्त्यात स्वतः कुटलेल्या चण्याचा. विष असेल तर पिवळा रंग चढतो. रसायन टाकून आम्ही उभ्या राहिलो. पंखा बंद केला होता, का ते आठवत नाही. कुटलेला चणा तसाच राहिला. जुन्या पिठाची नळी आधी फिकट पिवळी झाली, आणि मग गडद, हळदीच्या पाण्यासारखी.

"माझ्या भावाची चूक नाई," त्या म्हणाल्या. "मी माझ्या प्रयोगाचं पीठ कधी दळताना पाह्यलंच नाई."

प्राचार्यांनी त्यांना बोलावून घेतलं. दार उघडंच होतं, मी बाहेर बाकावर बसले होते.

"मॅडम, त्या पेपरमुळे कॉलेज ओळखलं जातं. तुमची निवृत्ती जवळ आली. नवा पेपर लिहा, जुना राहू द्या."

"जुना राहू दिला, तर लोक तोच वाचते, सर. 'थोडी लाखोळी चालते' असं म्हणून राह्यले सगळे. माझ्या भरवशावर."

"आणि तुमचं नाव?"

"नाव माझंच आहे. म्हणूनच तं मले काढता येते."

त्यांनी पेपर मागे घेतला. मासिकाला तसं पत्र लिहिलं. सही झाल्यावर म्हणाल्या, "च्या सांग," आणि तो थंड होईपर्यंत कपाकडे बघत बसल्या. पुढे मार्कंड्याच्या जत्रेतून आणलेल्या जात्यावर चणा दळून आम्ही प्रयोग पुन्हा केला. फरक दिसला. तो पेपर मात्र फारसा कोणी वाचला नाही. जुन्याचा दाखला अजूनही कोणी कोणी देतं, आणि मी तो देणाऱ्यांना पेपर मागे घेतल्याचं कळवत राहते.

गेल्या वर्षी मॅडम गेल्या. शोकसभेत तेच प्राचार्य म्हणाले, "इतकं खरं माणूस या जिल्ह्यात दुसरं नाही."

मी फोटोकडे पाहिलं. घरी दुसरा चांगला फोटो सापडला नव्हता. हारामागे मॅडम, चष्मा कपाळावर, प्राचार्यांकडे पाहत होत्या.