रोवेना टीचरचा पहिला पेपर

नंदाखालच्या रोवेना टीचरचा राग सगळ्या गावाला ठाऊक. चर्चमध्ये मिस्सा चालू असताना कोणी मोबाइलवर बोट फिरवलं तर त्या मागच्या बाकावरून नुसत्या खाकरत, की पुढचे सगळे मोबाइल गुपचूप खिशात जात. पण तो राग खरा पेटलेला एकदाच दिसला, तोही गावाबाहेर, आणि ठिणगी पडली ती त्यांनीच काढलेल्या पेपरावरून.

पाचवीचा वर्ग सांभाळता सांभाळता बाईंचे केस पिकले. शिष्यवृत्तीची परीक्षा जवळ आली की विरारच्या क्लासवाल्यांची जाडजूड पुस्तकं काही मुलांच्या दप्तरात दिसत. बाकीची मुलं त्यांच्याकडे नुसती बघत बसत. सरकारी संकेतस्थळावर सराव पेपर फुकट मिळत, ते बाईंनी उतरवून घेतले, पण आगगाडीच्या फलाटाची लांबी काढता काढता वर्ग जांभया देऊ लागला. तेव्हा बाईंनी स्वतःच पेपर काढायला घेतले. फलाट गेला आणि होडी आली, सफरचंदांच्या पेट्या गेल्या आणि केळीचे लोंगर आले. संध्याकाळची जपमाळ झाली की जेवणाच्या हाकेपर्यंतचा वेळ पेपरांचा. नवरा रॉबर्ट वाडीतून येऊन पाय धुताना म्हणायचा, "केळी लावायची मी, आणि हिशोब लावायची पोरं तुझी!"

पेपर झाला की तो शिक्षकांच्या ग्रुपवर जाई. फुकट. बाई खाली नावसुद्धा घालत नसत. तरी जूचंद्रपासून अर्नाळ्यापर्यंत त्याला सगळे रोवेना टीचरचा पेपर म्हणत.

त्यातला दर वर्षीचा पहिला पेपर मुद्दाम अवघड असे. बाईंची ती रीतच होती. पहिल्या पेपरात सगळा वर्ग सपशेल आपटायचा, हुशार-मठ्ठ सगळे एका ओळीत. मग आठवडाभर बाई आणि मुलं मिळून तोच पेपर सोडवत, चुकांवर हसत, भांडत. नाताळ येईपर्यंत तीच मुलं त्या प्रश्नांना चिडवायला लागत. पेपर पाठवताना बाई खाली हे सगळं लिहीत. पण लोक पुढे ढकलतात तो पेपर. खालची सूचना कोण ढकलतो?

त्या डिसेंबरात, शुक्रवारी सकाळी अर्नाळ्याची मंदा मासळीची पाटी घेऊन दारात आली. एरवी ती पायरीवर बसायच्या आधीच बडबड सुरू करायची. त्या दिवशी पाटी उतरवली आणि गप्प.

"काय गं, बोंबील ताजे नाहीत वाटतं? तोंड का उतरलंय?" बाईंनी विचारलं.

"बोंबील ताजंच हायत. घ्या नायतर नका घेऊ."

"अगो बाई! आज भावसुद्धा नाही सांगत?"

"भाव काय सांगू, टीचर? तुमी आमचा भाव केलाच की." मंदाने पाटीवरचं फडकं झटकलं. "तुमचे पेपरानं माझे रेवाला घरी बसवलं. शंभरात बावीस पडलं. सर बोलले, जिला रोवेना टीचरचा पेपर जमत नाय ती परीक्षेला बसून काय करनार? फॉर्मच नाय भरला तिचा."

बाईंनी हातातलं ताट पायरीवर ठेवलं. "कुठला पेपर? पहिला?"

"मला काय ठाव पयला का दुसरा? केळीचे लोंगराचा होता म्हने."

"मंदा, त्या पेपरात माझ्या वर्गातल्या पहिल्या नंबरालासुद्धा पंचवीस पडलेत गं!"

मंदाने हातातलं फडकं पाटीवर टाकलं. मग हळूच म्हणाली, "मग माझी पोर तीन दिस कशापायी रडली?"

फॉर्म भरायचा उद्या शेवटचा दिवस. बाईंनी आपल्या शाळेत फोन करून अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि रॉबर्टला स्कूटर काढायला लावली. वाटेत तो काहीतरी विचारू लागला, तर म्हणाल्या, "तू पुढे बघ." तो पुढे बघत राहिला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणसाला तेवढं कळतं.

अर्नाळ्याच्या शाळेत रेवाचे मुख्याध्यापक गुरुदत्त सर त्यांना बघून उठून उभे राहिले. "रोवेनाबाई! तुम्ही स्वतः? अहो, तुमचे उपकार कसे फेडू? तुमच्या पेपराने आमचं काम इतकं सोपं केलं!"

"कसलं काम?"

"चाळणी हो. वर्ग मोठा, शिकवायला आम्ही दोघं. सगळ्यांना बसवलं तर निकाल खाली येतो. तुमचा पेपर दिला, वरचे बारा निवडले. बाराचे बारा पात्र ठरतील. शंभर टक्के! चहा सांगू?"

"चहा नको. मी तो पेपर मुलांना आत घ्यायला काढला सर, बाहेर काढायला नाही."

गुरुदत्त सर हसले. "बाई, भावनेने शाळा चालत नाही. निकाल पडला की वरून फोन मला येतात, तुम्हाला नाही. आणि ती रेवा... आई पहाटेपासून मासळीच्या मागे. घरी अभ्यास कोण घेणार तिचा?"

"म्हणून तर शाळा असते!" बाईंचा आवाज असा चढला की शेजारच्या वर्गातला पाढा बंद पडला. "घरी शिकवणारे असते तर तुमची-माझी गरज काय होती? पगार कशाचा घेतो आपण, शिकून आलेल्यांना निवडायचा?"

"आवाज खाली करा, बाई. मुलं ऐकतात."

"ऐकू देत. इतके दिवस ती ढ आहेत हेच ऐकलंय त्यांनी."

दारात मुलं जमली होती. मंदाच्या तोंडावळ्यावरून बाईंनी रेवाला ओळखलं. जवळ बोलावलं तर ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"रेवा, पेपर अवघड होता ना?"

"होता." मग कोणी न विचारताच ती म्हणाली, "मला नाय जमत, टीचर. माझं डोकं नाय तसं. आता मी आयेबरोबर बंदरावर जानार."

दहा वर्षांची पोर. कोणी शिव्या दिल्या असत्या तर ती उलटून बोलली असती. पण कागदावर छापलेल्या बावीस मार्कांना उलटून काय बोलणार? बाईंची कानशिलं तापली. त्या क्षणी त्यांना वाटलं, घरी जावं आणि एकूण एक पेपर पुसून टाकावा. यापुढे एक ओळही कोणाला द्यायची नाही. पण मग ज्यांच्या दप्तरात काहीच नसतं, त्यांच्या हातात काय उरणार?

त्या खुर्ची ओढून सरांच्या टेबलासमोर बसल्या.

"फॉर्म भरा. सगळ्या वर्गाचे. मी इथेच आहे."

"बाई, आईबापांच्या सह्या लागतात, फोटो लागतात. एका दिवसात कसं होणार?"

तेवढ्यात मंदा रिक्षातून उतरली. पाटी रिकामी, पदर खोचलेला. मागून तीन-चार बाया येत होत्या, सुकत घातलेली मासळी तशीच टाकून. "सह्या ना?" ती म्हणाली. "बोला कुठं करायच्या. बाकीच्या येतायत. बंदरावर सांगून आलीय मी, सर आपले पोरांना निवडून राहिले, जसं आपन सडकी मासळी निवडतो तसं."

"असं कुठे म्हटलं मी?" गुरुदत्त सर गोरेमोरे झाले.

"बोलला नाय, केलं."

सरांनी संगणक चालू केला. संकेतस्थळ मधेच अडकायचं, सर म्हणायचे, "बघा, चालत नाही," आणि बाई म्हणायच्या, "चालेल. पुन्हा दाबा." त्या दिवशी सुरू झालेलं काम दुसऱ्या दिवशी दुपारी संपलं. बाई परत निघाल्या तेव्हा सर एवढंच म्हणाले, "निकाल पडला तर त्याला जबाबदार तुम्ही."

परीक्षेपर्यंत दर शनिवारी शाळा सुटली की बाई अर्नाळ्याला जात. मंदाच्या ओटीवर बसून त्यांनी त्या मुलांकडून तोच पहिला पेपर सोडवून घेतला, मग दुसरा, मग तिसरा. रेवा आधी पेन्सिल हातात धरायला तयार नव्हती. नाताळच्या आधी बाई चर्चमध्ये फादरांपुढे पापनिवेदनाला गेल्या. दर वर्षी रागाचं पाप त्या सगळ्यांत आधी सांगत. या वेळी बाकी सगळं सांगितलं, राग सांगितला नाही. ज्याचा पश्चात्ताप नाही ते देवासमोर पाप म्हणून ठेवायचं कशाला?

निकाल लागला. आधी वगळलेल्यांतली तीन मुलं पात्र ठरली. रेवा ठरली नाही, थोडक्यात राहिली. निवडलेल्या बारांतलीही दोन राहिली, पण त्यांचा विषय कोणी काढला नाही. मंदाने बातमी ऐकली आणि म्हणाली, "बसली तर खरी. आता आठवीला परत बसवीन. तवर तुमी हायत ना, टीचर?" रेवा मागे उभी राहून बाईंशी भांडत होती, एका प्रश्नाचं छापलेलं उत्तर चूक आहे म्हणून. बाईंनी तपासलं. उत्तर बरोबर होतं. तरी ती ऐकेना. बाईंना बरं वाटलं.

संध्याकाळी शिक्षकांच्या ग्रुपवर गुरुदत्त सरांनी लिहिलं: "आमच्या शाळेची शंभर टक्क्यांची परंपरा यंदा मोडली. कोणामुळे, ते सर्वांना माहीत आहे."

रोवेनाबाईंनी चष्मा लावला आणि एकेक अक्षर शोधून लिहिलं: "माझ्यामुळे. पुढच्या वर्षीही मोडेन." आणि त्याच्याखाली नव्या वर्षाचा पहिला पेपर टाकला. या वेळी सूचना खाली वेगळी लिहिलेली नव्हती. पेपराच्या पानापानावर, प्रश्नांच्याही वर, ठळक छापलं होतं: सगळ्या वर्गाने मिळून सोडवायचा. एकही मूल वगळायचं असेल, तर माझा पेपर वापरू नका.