तबूकची खडी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. मग तुम्हाला का सांगतोय? — कुणाला तरी सांगायलाच हवं म्हणून.

जेद्दाला येण्याआधी मी सौदीतच, तबूकच्या एका इस्पितळात फिजिओथेरपिस्ट होतो. तिथल्या एका ऑस्ट्रेलियन सहकाऱ्याने मला त्यांच्या फुटबॉलचं वेड लावलं. चेंडू लांबुळका, हात-पाय दोन्ही चालतात, आणि चेंडू घेऊन पळताना मधूनमधून त्याचा टप्पा पाडावा लागतो. मी कॅरमपलीकडे कधी न गेलेला माणूस! पण तो मायदेशी परतल्यावर दर शुक्रवारी सकाळी आपल्या लोकांची पोरं मीच गोळा करायला लागलो. त्यात सुमैया — रायगडच्या एका फोरमनची मुलगी. तोंडाचा पट्टा अखंड चालू, आणि पळायला लागली की कुणाच्या हाती लागायची नाही. फार गोड पोर.

आमचं मैदान म्हणजे निव्वळ खडी. तिच्यावर असला चेंडू टप्पा घेऊन भलतीकडेच जायचा. नियमात एक सोय आहे — टप्प्याऐवजी वाकून चेंडू जमिनीला टेकवला तरी चालतो. मीच पोरांना ते शिकवलं. सुमैया तर वेग न मोडता अशी टेकवायची, की बघत राहावं.

मग मी जेद्दाला आलो, बायको आणि मुलगीही गावाहून इथे आल्या. इथे हिरवळ, खरा ऑस्ट्रेलियन कोच, आणि माझी सई — टप्पा पाडण्यात पटाईत, पळण्यात आळशी, थेट बापावर गेलेली. आखाती स्पर्धेसाठी मुलामुलींचा संघ निवडायचा होता. तबूकची पोरंही चाचणीला आली. शेवटी एक जागा उरली. सई की सुमैया?

कोचने मला हाक मारली. ही मुलगी टप्पा का पाडत नाही? तू तबूकला होतास ना, काही कारण आहे का? — एवढंच विचारलं हो त्याने. तिथे खडी आहे, एवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. हिरवळीवर ती दोन दिवसांत टप्पा शिकली असती, हे मला ठाऊक नव्हतं का? होतं.

मी म्हणालो, "तिला जमतच नाही."

सुमैया तिथेच उभी होती. इंग्रजी तिला माझ्यापेक्षा बरं येतं. तिने माझ्याकडे पाहिलं — आणि काहीच बोलली नाही. ती, सुमैया!

सई स्पर्धेला गेली, मजेत परत आली. तिला यातलं काही माहीत नाही.

परवा सुमैयाचा व्हॉइस मेसेज आला. आता तिथल्या छोट्यांना ती शिकवते. पोरांचा कल्ला, खडीवर पळणारे पाय, आणि हिचं ओरडणं — "यल्ला, चल चल, वाक, टेकव! काका, ऐकताय ना? तुम्ही शिकवलंत तस्संच शिकवतेय मी!"

सई शेजारीच बसली होती. म्हणाली, "बाबा, तिला ते तुम्ही शिकवलं होतं?"

मी हो म्हणालो. आणि फोन खिशात ठेवला.